नवं घर, घट्ट खिडक्या आणि तरीही ओल: वॉटरप्रूफिंगवर पैसे घालण्याआधी काय तपासायचं

साताऱ्यात शाहूपुरी, गोडोली, विलासपूर, कोडोली या भागांत आणि खाली कराड-सांगलीपर्यंत गेल्या काही वर्षांत जी घरं उभी राहिली, त्यांची एक ठरावीक तक्रार माझ्याकडे दर पावसाळ्यात आणि दर थंडीत येते. घर नवं, ताबा घेऊन एक-दोन वर्षं झालेली. भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या, खिडक्यांना रबरी पट्ट्या. धूळ आत येत नाही, रस्त्याचा आवाज येत नाही, एसीचं बिल आटोक्यात. आणि बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी. घरमालक म्हणतात, "गच्ची गळतीय, वॉटरप्रूफिंग करून द्या." जाऊन बघावं तर बऱ्याच घरांत गच्ची कोरडी ठणठणीत असते. माणसांच्या श्वासातून, ओट्यावरच्या पातेल्यांतून आणि बाथरूममधून निघालेली वाफ बाहेर जायला वाट न मिळाल्यामुळे भिंतीवर बसलेली असते.

घर घट्ट बांधणं चांगलंच, हे आधी सांगतो. उन्हाळ्यात माण-खटाव किंवा जतच्या बाजूला दुपारची गरम हवा आणि धूळ आत न येऊ देणारं घर म्हणजे सुख आहे. जुन्या कौलारू घरात हवा कौलांच्या सांध्यांतून, दारांच्या फटींतून, माळ्यावरच्या झरोक्यातून आपोआप खेळायची. नव्या घरात त्या फटी बुजल्या, पण त्या जे काम करत होत्या ते दुसऱ्या कशाकडेही सोपवलं गेलं नाही. म्हणून पुढची प्रत्येक तपासणी एकाच प्रश्नाकडे येते: या घरात हवा कुठून येते आणि कुठून जाते?

लक्षणं

खालच्यापैकी तीन-चार गोष्टी एकत्र दिसत असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

- सकाळी खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने पाणी, आणि ते ओघळून खालच्या पट्टीत साचलेलं.
- काळे किंवा हिरवट ठिपके. विशेषतः खोलीच्या वरच्या कोपऱ्यात, बीम-कॉलमच्या रेषेवर, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर.
- कपाट उघडल्यावर कुबट वास. चामडी पट्टा, पर्स, चपला यांवर पांढरी बुरशी. ठेवणीतल्या साड्यांना वास.
- वाटीत उघडं राहिलेलं मीठ पाणी धरतं, पापड दुसऱ्या दिवशी मऊ.
- दार-खिडक्या लावून झोपल्यावर सकाळी डोकं जड, तोंड कोरडं, झोप होऊनही न झाल्यासारखी.
- किचनची चिमणी चालू केली की बाथरूमचं दार आपोआप हलतं, किंवा मोरीच्या जाळीतून गटाराचा वास येतो.

शेवटचं लक्षण लोक या यादीत धरतच नाहीत. ते प्लंबरला बोलावतात, प्लंबर जाळी बदलतो, आणि वास येतच राहतो. त्यावर पुढे सविस्तर बोलू.

आता जी लक्षणं या दुखण्याची नाहीत तीही ओळखून ठेवा, म्हणजे वेळ जाणार नाही. डाग फक्त पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीवर असेल आणि पावसाची झड लागली की काही तासांत वाढत असेल, तर बाहेरच्या प्लास्टरला चीर आहे किंवा खिडकीच्या चौकटीचा सांधा उघडा आहे. आपल्याकडचा पाऊस त्याच बाजूने मारतो. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोपडे आणि पांढरा लोणा असेल तर ओल जोत्यातून चढते आहे. छतावर एकाच जागी गोल डाग आणि वर दुसऱ्याचं बाथरूम असेल, तर ते वरच्यांचं काम आहे. आणि सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये किंवा २०२१ च्या जुलैमध्ये ज्या तळमजल्यांत पुराचं पाणी उभं होतं, तिथल्या भिंतींचा विचार वेगळाच करावा लागतो. पुराची रेष जिथपर्यंत होती तिथपर्यंत भिंत आतून भिजलेली असते, आणि वरून लगेच पुट्टी-रंग केलेला असेल तर ती वर्षानुवर्षं वाळत नाही.

पाणी येतं कुठून, याचा हिशोब

हा भाग टाळू नका, कारण तपासण्यांचा क्रम यावरच ठरतो.

दहा बाय बाराची, साडेनऊ फूट उंचीची बेडरूम घ्या. त्यात साधारण ३२ घनमीटर हवा मावते. २४ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २२ ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते, म्हणजे पूर्ण खोली फार तर ७०० ग्रॅम. झोपलेलं माणूस श्वास आणि घामावाटे तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी सोडतं. दोघं आठ तास झोपली की ६४० ग्रॅम. खोलीत आधीच निम्म्याच्या वर वाफ होती. आता ही जादाची जाणार कुठे? खोलीत जी जागा सगळ्यात थंड असेल तिथे ती पाणी होऊन बसते, जसा थंड पाण्याचा तांब्या बाहेरून ओला होतो. हिवाळ्यात ती जागा म्हणजे काच, आणि त्याखालोखाल आरसीसीचा बीम-कॉलम. एएसी ब्लॉकपेक्षा काँक्रीट उष्णता कितीतरी पटींनी जास्त वाहून नेतं. त्यामुळे बाहेर थंडी पडली की ब्लॉकची भिंत आतून उबदार राहते, पण तिच्या मधला कॉलम गार पडतो. बुरशी जेव्हा कॉलमच्या रुंदीएवढी सरळ पट्टी धरून येते, तेव्हा गळतीचा संशय मी जवळजवळ सोडून देतो. गळणारं पाणी असं रेषेत चालत नाही.

दुसरा आकडा स्वयंपाकघराचा. एलपीजी जळताना पाणी तयार होतं, एक किलो गॅसमागे सुमारे दीड किलोच्या वर. १४.२ किलोचा एक सिलिंडर संपला म्हणजे २२ लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात स्वयंपाकघरात सुटलं. भात-डाळीची वाफ वेगळी. शिवाय पावसाळ्यात घरात वाळत घातलेले कपडे: मशीनमधून पिळून निघालेल्या एका घाण्यातही दोनेक लिटर पाणी असतं, आणि ते सगळं खोलीच्या हवेत जातं.

नव्या घरात याच्या जोडीला बांधकामाचं पाणी असतं. स्लॅब, प्लास्टर, फरशीखालचा मसाला या सगळ्यांनी घेतलेलं पाणी बाहेर पडायला एखादा उन्हाळा पुरत नाही. म्हणून पहिल्या वर्षी त्रास जास्त असतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थोडा आपोआप कमी होतो. पहिल्याच पावसाळ्यात घाबरून भिंत फोडायला काढू नका.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

सुरुवात उदबत्तीने करा. घरातले पंखे बंद, खिडक्या नेहमी जशा असतात तशा बंद. चिमणी आणि बाथरूमचे एक्झॉस्ट फॅन सगळे एकदम चालू करा. मग पेटवलेली उदबत्ती मुख्य दाराच्या खालच्या फटीशी, बाथरूमच्या दाराशी, खिडकीच्या पट्टीशी आणि शेवटी मोरीच्या जाळीशी धरा. धूर कुठून कुठे ओढला जातो ते पाहा. धूर दाराखालून आत ओढला जात असेल तर हवेला एक तरी वाट आहे. दाराशी धूर सरळ वर जातोय आणि मोरीच्या जाळीशी मात्र तो खोलीकडे ढकलला जातोय, तर तुमचं घर हवेसाठी गटाराला ओढतंय. नहाणी ट्रॅपमध्ये जे थोडंसं पाणी वास अडवून धरतं, ते या ओढीने हलतं आणि वास आत येतो. क्वचित वापरात असलेल्या बाथरूममध्ये तर ते पाणी वाळूनच गेलेलं असतं. तिथे आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. पण मूळ दोष हवा आत यायला जागा नसल्याचा आहे, तो जाळी बदलून जात नाही.

मग एक्झॉस्ट फॅन. चालू फॅनच्या जाळीला टिश्यू पेपर लावा. तो चिकटून राहिला पाहिजे. पडला तर पाती धुळीने भरलीत, किंवा बाहेरची झडप रंगवताना चिकटून बसलीय. फॅन उलटा बसवलेलाही मी पाहिलेला आहे, तो बाहेरची हवा आत फेकत होता. फॅन नीट असेल तर तो कुठे फेकतो ते बघा. आपल्याकडच्या इमारतींत दोन गोष्टी सर्रास आढळतात. बाथरूमचे व्हेंटिलेटर ज्या डक्टमध्ये उघडतात त्या डक्टवर पावसासाठी सगळ्यांनी मिळून पत्रा टाकून वरचं तोंड बंद केलेलं असतं. मग चार मजल्यांची वाफ एकमेकांच्या बाथरूममध्ये फिरत राहते. आणि स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट ड्राय बाल्कनीत उघडतो, पण ती बाल्कनी नंतर काचा लावून बंद केलेली असते. फॅन इमानेइतबारे फिरतो आणि तीच वाफ दारातून परत येते. पत्रा वर उचलून चारही बाजूंनी फूटभर मोकळं ठेवलं, काचेचा एक पल्ला काढून तिथे जाळी लावली, की अर्धं काम होतं.

कपाट आणि पलंग बाहेरच्या भिंतीला अगदी चिकटवलेले असतील तर दोन-तीन इंच पुढे ओढा. कपाटामागे हवा हलत नाही, खोलीची ऊब पोचत नाही, आणि तो भिंतीचा भाग सगळ्यात थंड राहतो. भिंतीत बसवलेलं वॉर्डरोब असेल तर निदान खाली-वर जाळीची भोकं पाडून घ्या. माळ्यावर कोंबलेल्या गाद्या-गोधड्यांनाही हेच लागू.

अंघोळ झाल्यावर बाथरूमचं दार घराकडे उघडं टाकून फॅन बंद करायची सवय मोडा. दार लावून घ्या, फॅन वीस मिनिटं तरी चालू द्या. आरशावरची वाफ पूर्ण गेली म्हणजे झालं.

काही शे रुपयांत

डिजिटल आर्द्रतामापक घ्या. तीन-चारशे रुपयांत मिळतो, आणि माझ्या मते नव्या घरात घड्याळाइतकाच गरजेचा आहे. बेडरूममध्ये, भिंतीपासून थोडा लांब ठेवा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. ६० टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम. सलग कित्येक दिवस ७० च्या वर राहिला तर बुरशीला आमंत्रण आहे, कारण खोलीत ७० असताना गार कॉलमच्या पृष्ठभागाशी तो ८० च्या पलीकडे गेलेला असतो, आणि बुरशी तिथूनच वाढू लागते. पाणी ओघळायचीही वाट पाहत नाही.

हा आकडा वाचताना ऋतू लक्षात घ्यावा लागतो. सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. "खिडक्या उघडा" हा सल्ला हिवाळ्यात अगदी बरोबर आहे. डिसेंबरच्या रात्री साताऱ्यात पारा १२ अंशांवर आला, बाहेर आर्द्रता ८० टक्के दिसली, तरी त्या हवेत घनमीटरमागे साडेआठ ग्रॅमच पाणी असतं. ती आत येऊन २४ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या खाली येते. म्हणजे थंडीत पहाटे दहा-पंधरा मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडल्या तर घर फुकटात वाळतं.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र हिशोब उलटतो. बाहेर २४ अंश आणि ९० टक्के, म्हणजे घनमीटरला जवळपास २० ग्रॅम. ती हवा आत येऊन २७ अंशांवर गेली तरी आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास राहते. पाटण, जावळी, महाबळेश्वर या बाजूला तर आठवडेच्या आठवडे हीच स्थिती. तेव्हा खिडकी उघडल्याने घर वाळणार नाही. श्वासाची शिळी हवा बदलायला, स्वयंपाकाची वाफ घालवायला ती उघडावीच लागते. पण वाळवण्याचं काम दुसऱ्या मार्गाने करावं लागतं. घरातली वाफ उगमापाशीच पकडून बाहेर टाकायची, पंखे चालू ठेवून भिंतीशी हवा हलती ठेवायची, आणि गरज पडली तर एसी ड्राय मोडवर चालवायचा किंवा डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र, आणायचा. डीह्युमिडिफायर चालू असताना त्या खोलीची खिडकी बंद ठेवा, नाहीतर तो साताऱ्याचा सगळा पाऊस वाळवत बसेल. सांगली-मिरजेकडे पाऊस बराच कमी, त्यामुळे तिथे पावसाळ्यातही उघडीप मिळाली की दुपारी खिडक्या उघडून चांगला फायदा होतो. शिराळ्याला पुन्हा पाटणचाच नियम.

दुसरी स्वस्त तपासणी प्लास्टिकच्या कागदाची. संशयित भिंतीवर फूटभर बाय फूटभर जाड, पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूवर आले तर पाणी हवेतलं आहे. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडून आले तर भिंतीत पाणी आहे, आणि तेव्हा वॉटरप्रूफिंगवाल्याला किंवा प्लंबरला बोलावणं योग्य. दोन्हीकडे आले तर दोन्ही कारणं आहेत. आधी भिंतीतलं बंद करा. ही तपासणी न करता हजारो रुपयांचं रसायन भिंतीवर चढवलेलं पाहिलं की मला खरंच वाईट वाटतं. बाहेरचं पाणी अडवणारा थर आतल्या वाफेचं काहीच करत नाही.

खिडकीच्या खालच्या पट्टीत पाणी साचत असेल तर पट्टीच्या बाहेरच्या बाजूला पाणी जायची बारीक भोकं शोधा. धूळ, सिमेंट किंवा बसवताना मारलेलं सिलिकॉन यांनी ती बुजतात. टाचणीने किंवा बारीक तारेने मोकळी करा.

हवा आत यायची वाट

लोक फॅनवर फॅन लावतात आणि हवा आत कुठून येणार याचा विचारच करत नाहीत. जेवढी हवा आत येईल तेवढीच बाहेर जाईल. किचन चिमणीची ताकद तासाला हजार-बाराशे घनमीटर लिहिलेली असते. बंद घरात ती त्याच्या जवळपासही जात नाही, नुसता आवाज करते.

दारांच्या खाली १० ते १५ मिलिमीटरची फट असू द्या. फरशी बदलल्यावर किंवा दाराखाली रबर लावल्यावर ती नाहीशी होते. सुताराकडून दार घासून घेणं हा अर्ध्या तासाचा उद्योग आहे. बाथरूमच्या दाराला खाली जाळी लावता येते.

मग खिडक्यांचं माप घ्या. स्लायडिंग खिडकी दोन पल्ल्यांची असेल तर एका वेळी फार तर अर्धीच उघडते. कागदावर खिडकी पाच बाय चारची, पण हवा येते अडीच बाय चारमधून. बाहेर उघडणाऱ्या पल्ल्याची खिडकी मात्र जवळजवळ पूर्ण मोकळी होते. घरांच्या ऊर्जाबचतीसाठी ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीने २०१८ मध्ये आणलेल्या इको निवास संहितेत काचेतून आणि भिंतीतून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा आहे, आणि त्याबरोबरच उघडू शकणाऱ्या खिडक्यांचं किमान क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या प्रमाणात दिलेलं आहे. उष्ण-कोरड्या हवामानात १० टक्के, उष्ण-दमट हवामानात १६.६६ टक्के. म्हणजे संहिता लिहिणाऱ्यांनी उष्णता अडवणं आणि हवा येऊ देणं दोन्ही एकत्रच मागितलं आहे. आपण पहिला भाग घेतला आणि दुसरा सोडून दिला. तुमच्या बेडरूमचं माप काढून बघा. दहा बाय बाराच्या खोलीला १० टक्के म्हटलं तरी १२ चौरस फूट खरोखर उघडणारी जागा लागते.

झोपताना चोर-डास-पाऊस यांमुळे खिडकी उघडी ठेवता येत नसेल, तर खिडकीच्या वरच्या बाजूला सज्जाखाली छोटा जाळीचा झरोका करून घ्या, ज्याला आतून सरकती झडप असेल.

एसीबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो: घरात लावतो तो स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आणत नाही. खोलीतलीच हवा फिरवून गार करतो. एसी लावून दारं बंद करून दोघं-तिघं झोपली की पहाटेपर्यंत खोलीतला कार्बन डायऑक्साइड दोन हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत दोन हजार भाग) वर सहज जातो. बाहेरच्या हवेत तो ४२० च्या आसपास असतो, आणि हजाराच्या वर गेला की हवा पुरेशी बदलत नाही असं धरतात. सकाळचं डोकं जड होतं ते बहुधा याने. रात्रभर एसी १८ वर ठेवला तर शेजारच्या खोलीच्या बाजूने ती मधली भिंत गार पडून तिथे बुरशी येते, हेही पावसाळ्यात दिसतं. २५-२६ वर ठेवा.

इथे थांबा: गॅस गीझर

घरात कुठेही, विशेषतः बाथरूममध्ये किंवा काचा लावून बंद केलेल्या ड्राय बाल्कनीत गॅस गीझर असेल, तर वरच्या तपासण्या अर्धवट सोडा आणि आधी हे करा. तो वापरणं बंद करा. बंद जागेत गॅस जळताना प्राणवायू कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. त्यात चिमणी किंवा एक्झॉस्ट फॅन बाहेर हवा ओढत असेल आणि आत यायला वाट नसेल, तर गीझरचा धूर बाहेर जाण्याऐवजी घरातच खेचला जातो. घर जितकं घट्ट तितका हा धोका मोठा.

अंघोळीच्या वेळी कुणाला चक्कर, मळमळ, डोकेदुखी, पायांतलं बळ गेल्यासारखं झालं तर गॅस बंद करा, दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत न्या आणि लगेच दवाखान्यात न्या. "थोडं बरं वाटतंय" म्हणून घरी बसू नका. गीझर बाहेर मोकळ्या जागेत हलवण्याचं काम गॅसच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यायचं. हे स्वतः करायचं काम नाही आणि नेहमीच्या प्लंबरचंही नाही.

बुरशी पुसताना

कारण सापडून आर्द्रता खाली आल्यावरच बुरशी काढा आणि त्यानंतरच रंग लावा. उलट क्रमाने केलं तर दोन महिन्यांत डाग नव्या रंगातून डोकं काढतो. एन-९५ मास्क, हातमोजे घालून साबणाच्या पाण्याने पुसा, फडकं फेकून द्या, भिंत पंख्याने वाळवा. कोरडा ब्रश मारू नका, बीजं घरभर उडतात. ब्लीच वापरलं तर ते टॉयलेट क्लीनरच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियात कधीही मिसळू नका. विषारी वायू होतो. डाग दहा चौरस फुटांपेक्षा मोठा असेल, जिप्सम प्लास्टर बोटाने दाबल्यावर मऊ लागत असेल, किंवा घरात दमा असलेलं माणूस, तान्हं मूल असेल, तर हे काम जाणकाराकडून करून घ्या.

कुणाला, कधी बोलवायचं

बाकी सगळं करूनही आर्द्रतामापक महिनाभर ७० च्या खाली येत नसेल, तर नुसत्या सवयींनी भागणार नाही. मग पक्की वायुवीजनाची सोय करावी लागते. सर्वात साधा उपाय म्हणजे बाथरूममध्ये कमी वेगाने कायम चालणारा, आवाज न करणारा फॅन आणि बेडरूममध्ये झडपेचे झरोके. त्यापुढचा उपाय म्हणजे जाणाऱ्या आणि येणाऱ्या हवेत गारवा-ऊब आणि काही अंशी दमटपणा यांची देवाणघेवाण करणारं यंत्र, ज्याला ईआरव्ही म्हणतात. रोज आठ-दहा तास एसी चालणाऱ्या घरात ते परवडतं; ज्या घरात एसी महिनाभरच लागतो तिथे मी सुचवत नाही. त्याचं गणित एसी बसवणाऱ्या दुकानदाराकडून करून घेऊ नका. वातानुकूलन आणि वायुवीजनाचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरकडून माणशी तासाला साधारण ३० घनमीटर ताजी हवा मिळेल असं लेखी घ्या.

घर किती घट्ट आहे हे नेमकं मोजायचं असेल तर दारात पंखा बसवून ५० पास्कल दाबाला गळती मोजण्याची चाचणी असते. जर्मनीतून आलेल्या पॅसिव्ह हाउस मानकात या दाबाला तासाला घराची हवा ०.६ वेळाच बदलावी अशी अट आहे, आणि त्याच मानकात यांत्रिक वायुवीजन धरलेलंच असतं. आपल्याकडच्या साध्या घराला ही चाचणी सहसा लागत नाही.

भिंतीला नवं भोक पाडायचं असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. कोअर कटरवाला बोलावला की तो सांगाल तिथे भोक पाडतो. बीम, कॉलम आणि स्लॅबला हात लावू द्यायचा नाही. भोक ब्लॉकच्या भागातच, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन आणि तोंडावर पावसाची टोपी व डासांची जाळी बसवून घ्या. डक्टवरचा पत्रा, गच्ची, बाहेरची भिंत या सामायिक गोष्टी असतील तर आधी सोसायटीची लेखी परवानगी काढा. आणि जो कोणी माणूस येईल त्याच्यापुढे आठवड्याचे आर्द्रतेचे आकडे, प्लास्टिकच्या कागदाचा फोटो आणि उदबत्तीचा धूर कुठे वळला ते ठेवा. हे न बघताच जो भिंतीला हात लावून "चौरस फुटाला इतके" असा भाव सांगेल, त्याला काम देऊ नका.